‘जगातील सर्वांत मोठे फूल कोणते?’ – एका प्रश्नाची तपासणी

सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांत, प्रश्नमंजूषेत आणि शाळेच्या भिंतीवरील ‘माहीत आहे का?’ या फलकावर एक प्रश्न हमखास असतो : जगातील सर्वांत मोठे फूल कोणते? उत्तर एका शब्दाचे. कुठे ‘रॅफ्लेशिया’ लिहिलेले असते, कुठे ‘टायटन अ‍ॅरम’. काही ठिकाणी नाव एकाचे आणि चित्र दुसऱ्याचे असते. दोन्ही वनस्पती सुमात्राच्या वर्षावनातल्या, दोन्हींना सडलेल्या मांसासारखी दुर्गंधी येते आणि दोन्हींना ‘प्रेताचे फूल’ अशा अर्थाचे नाव पडले आहे. त्यामुळे घोटाळा होणे स्वाभाविक आहे.

पण हा घोटाळा दुरुस्त केला, चित्राखाली योग्य नाव छापले, म्हणजे काम संपते का? या लेखाचे म्हणणे असे की दोष उत्तरात जेवढा आहे त्याहून अधिक प्रश्नात आहे. या प्रश्नामुळे वनस्पती दिसेनाशी होते. दिसते ती फक्त मोजपट्टी. आणि त्याचा परिणाम वर्गापुरता राहत नाही. मोठमोठ्या वनस्पतिउद्यानांनाही याच दृष्टीची किंमत मोजावी लागली आहे.

तीन दावेदार

प्रथम प्रश्नालाच विचारू या : ‘फूल’ म्हणजे काय?

रॅफ्लेशिया अर्नोल्डी हे एक, एकटे फूल आहे. त्याचा व्यास सुमारे एक मीटरपर्यंत जातो. पाच जाड, मांसल, विटकरी रंगाच्या पाळ्या आणि मधे मोठी वाटी. या वनस्पतीला खोड नाही, पान नाही, नेहमीच्या अर्थाने मूळही नाही. द्राक्षाच्या कुलातील टेट्रास्टिग्मा नावाच्या वेलीच्या आत तिचे धागे वाढतात आणि बाहेर येते ते फक्त फूल. १८१८ साली सर स्टॅम्फर्ड रॅफल्स आणि डॉ. जोसेफ अर्नोल्ड सुमात्रात फिरत असताना हे फूल प्रथम पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या नजरेस आले. ते आधी पाहिले अर्नोल्ड यांच्याबरोबरच्या एका मलायी सेवकाने. पण नावात मान मिळाला तो दोन साहेबांना. इंडोनेशियात या फुलाला ‘पद्म राक्षसा’ म्हणतात. मराठी मुलाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

टायटन अ‍ॅरम, म्हणजे अमॉर्फोफॅलस टायटॅनम, दोनअडीच मीटर उंच जातो. तीन मीटरपर्यंत गेल्याच्याही नोंदी आहेत. पण ते एक फूल नाही. तो फुलोरा आहे, शेकडो फुलांचा समूह. झेंडू आणि सूर्यफूल ही ‘फुले’ नसून फुलोरे आहेत, हे आपण माध्यमिक शाळेत शिकवतो. तोच नियम इथे लावला की टायटन अ‍ॅरम ‘सर्वांत मोठ्या फुला’च्या स्पर्धेतून बाद होतो. मग म्हणतात, ‘सर्वांत मोठा फुलोरा’ तरी याचाच? तर तेही नाही. ताडाच्या कुलातील श्रीताड, म्हणजे कोरिफा अम्ब्राक्युलिफेरा, शेंड्यावर सहा ते आठ मीटर उंचीचा फुलोरा काढतो. त्यात लक्षावधी फुले असतात. तो आयुष्यात एकदाच, तीस ते ऐंशी वर्षांचा झाल्यावर फुलतो आणि फळे पिकल्यावर मरतो. हा ताड केरळात, कर्नाटकाच्या किनारपट्टीवर आणि श्रीलंकेत आढळतो. त्याच्या फुलोऱ्याला फांद्या असतात, म्हणून पुस्तकवाल्यांनी तडजोड केली : टायटन अ‍ॅरम हा ‘फांद्या नसलेला सर्वांत मोठा फुलोरा’.

म्हणजे एका प्रश्नाला तीन उत्तरे झाली. तिन्ही बरोबर आहेत, फक्त ‘फूल’ या शब्दाची व्याख्या बदलत जाते. हे वर्गात सांगितले तर प्रश्न उपयोगाचा ठरतो. पुस्तिकेत मात्र व्याख्या गाळून फक्त उत्तर छापतात. विज्ञान जिथे सुरू व्हायचे तिथेच पुस्तिका थांबते.

छदाच्या आत काय आहे?

टायटन अ‍ॅरमचे छायाचित्र पाहिले तर बाहेर एक मोठी, चुणीदार, घागऱ्यासारखी पाळी दिसते. बाहेरून हिरवट, आतून गडद तांबडी-जांभळी. मुले तिला पाकळी म्हणतात. ती पाकळी नाही. ते रूपांतरित पान आहे. त्याला महाछद म्हणतात. मधला उंच पिवळट दांडा म्हणजे स्थूलकणिश. छायाचित्रात दांड्याचा जो भाग दिसतो त्यावर एकही फूल नसते. फुले असतात ती दांड्याच्या तळाशी, महाछदाच्या आत झाकलेली : खाली स्त्री-फुलांचा पट्टा, त्याच्या वर पुं-फुलांचा पट्टा. याचा अर्थ असा की ज्या चित्राखाली ‘सर्वांत मोठे फूल’ असे छापलेले असते, त्या चित्रात बहुधा एकही फूल दिसत नाही! चित्र वापरणाऱ्या शिक्षकांनी ही गोष्ट आवर्जून सांगावी.

मग एवढा दांडा कशासाठी? पहिल्या रात्री तो तापतो. त्याचे तापमान माणसाच्या शरीराइतके, सुमारे ३६-३७ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. उष्णतेमुळे गंधकयुक्त संयुगांचा वास वर चढतो आणि दूरवर पसरतो. जंगलात तळाशी वारा जवळजवळ नसतोच, अशा ठिकाणी ही युक्ती महत्त्वाची. कुजक्या मांसावर जगणारे भुंगेरे आणि इतर कीटक त्या वासाने येतात. त्या रात्री स्त्री-फुले परागकण घेण्यास तयार असतात, पुं-फुले मिटलेली असतात. दुसऱ्या दिवशी स्त्री-फुलांचा काळ संपत आलेला असतो आणि मग परागकण बाहेर पडतात. त्यामुळे एका फुलोऱ्याचे पराग त्याच फुलोऱ्याच्या कामी सहसा येत नाहीत. जवळपास दुसरे झाड एकदोन दिवसांच्या फरकाने फुललेले असावे लागते. ही अट लक्षात ठेवावी. पुढे तिचाच प्रश्न उभा राहणार आहे.

आपण ते कसे पाहत आलो?

इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेकारी यांनी १८७८ साली सुमात्रात ही वनस्पती पाहिली आणि तिच्या बिया युरोपात पाठवल्या. त्यांपासून वाढलेले एक रोप लंडनजवळच्या क्यू उद्यानात गेले आणि १८८९ साली तिथे फुलले. लागवडीत हे झाड फुलण्याची ती पहिली वेळ. चित्रकार माटिल्डा स्मिथ यांनी ती दुर्गंधी सोसत त्याची चित्रे काढली. ती १८९१ साली ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली. या नियतकालिकाच्या परंपरेतली चित्रे नुसती शोभेची नसतात. संपूर्ण वनस्पतीबरोबर फुलांचे सुटे भाग मोठे करून दाखवण्याची तिथे रीत आहे. ओळख पटवायची तर नेमके तेच लागते.

१९२६ साली क्यू येथे हे झाड पुन्हा फुलले, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. तेव्हापासून चित्र फारसे बदललेले नाही. झाड फुलले की रांगा लागतात, बातमी येते, उंचीचा आकडा जाहीर होतो, लोक नाक दाबून फोटो काढतात आणि दोन दिवसांनी सारे विसरतात.

१९९५ साली बीबीसीने ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ प्लांट्स’ ही डेव्हिड अ‍ॅटनबरो यांची मालिका दाखवली. ‘टायटन अ‍ॅरम’ हे नाव अ‍ॅटनबरो यांनीच रूढ केले. शास्त्रीय नावाचा ग्रीक अर्थ दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा उच्चारण्याजोगा नव्हता, हे त्याचे कारण. वनस्पती स्थिर आणि निष्क्रिय असतात हा समज मोडून काढण्याचे या मालिकेने केलेले काम मोठे आहे. दिवसांची हालचाल सेकंदांत दाखवण्याचे तंत्र तिने फार समर्थपणे वापरले. पण तिने रूढ केलेल्या नावाबद्दल एक तक्रार करता येते. ‘टायटन’ म्हणताच पुन्हा आकारच पुढे येतो. शास्त्रीय नावातला पहिला शब्द, म्हणजे प्रजातीचे नाव, वनस्पतीचे आडनाव सांगतो : ही कोणाच्या घरातली, हिची भावंडे कोण. नवे नाव घेताना ते आडनाव गळून पडले. महाराष्ट्रातल्या मुलांचे त्यामुळे विशेष नुकसान झाले, कारण त्या आडनावाची माणसे आपल्या शेजारीच राहतात.

शेजारची भावंडे

अमॉर्फोफॅलस या प्रजातीत दोनशेहून अधिक जाती आहेत. आपला सुरण त्यांतलाच : अमॉर्फोफॅलस पिओनिफोलियस. आणि पावसाच्या पहिल्या सरींनंतर ठाणे, पालघर, रायगड भागातल्या बाजारांत आदिवासी बाया ज्या शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, ते शेवळ म्हणजे अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. ही जाती पश्चिम घाटापुरती मर्यादित आहे.

शेवळाची जुडी वर्गात आणून एक शेवळ उभे चिरावे. बाहेर हिरवट-जांभळा महाछद, आत गडद जांभळा दांडा, दांड्याच्या तळाशी दाणेदार पट्टे. खालचे दाणे म्हणजे स्त्री-फुले, वरचे पिवळसर दाणे म्हणजे पुं-फुले. सुमात्रातल्या राक्षसाचा सगळा आराखडा वीतभर वस्तूत समोर येतो. शेवळाची भाजी करणाऱ्या अनेक घरांत हा तळचा दाणेदार पिवळा भाग खाजरा म्हणून काढून टाकतात. म्हणजे आपण ज्याला ‘शेवळाचे फूल’ म्हणतो ते शिजवून खातो आणि खरी फुले तेवढी फेकतो. खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म, सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून भाजीत काकड, चिंच किंवा आमसूल घालण्याची रीत आहे. वर्गात हाताळताना हाताला तेल लावावे किंवा हातमोजे घालावेत, आणि कोणीही कच्चे चाखू नये, हे आधी बजावून सांगावे.

बाल्कनीत ठेवलेल्या अँथुरियमचे आणि पीस लिलीचेही कुल हेच. अँथुरियम मूळचे दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया-इक्वाडोरच्या दमट अरण्यातले. त्याची लाल ‘पाकळी’ म्हणजे महाछदच. एकदा शेवळ चिरून पाहिलेले मूल अँथुरियमला फसत नाही. ओळख म्हणतात ती हीच. रंग आणि आकार बदलले तरी रचना पकडता आली पाहिजे.

फूल नसताना ओळखणे

आता दुसरी त्रुटी. टायटन अ‍ॅरमच्या आयुष्यात फुलण्याचा काळ दोन दिवसांचा. बीपासून पहिल्या फुलापर्यंत साधारण सात ते दहा वर्षे लागतात. मधल्या काळात ते काय करते?

जमिनीखाली कंद असतो. त्यातून दर खेपेला एकच पान वर येते. जुन्या कंदाचे पान सहा मीटर उंच आणि पाच मीटर रुंद होऊ शकते. पाहणाऱ्याला वाटते हे लहानसे झाड आहे : खाली खोड, वर तीन मोठ्या फांद्या, फांद्यांना पाने. प्रत्यक्षात ‘खोड’ म्हणजे देठ, ‘फांद्या’ म्हणजे त्याच पानाचे विभाग आणि ‘पाने’ म्हणजे पर्णिका. देठावर फिकट ठिपके असतात, जणू झाडाच्या सालीवर दगडफूल वाढले आहे. पान वर्ष-दीड वर्ष अन्न तयार करून कंदात साठवते, मग वाळून पडते. कंद काही महिने झोपतो आणि पुन्हा नवे पान येते. असे करता करता कंदाचे वजन वाढत जाते. एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात २०१० साली एका कंदाचे वजन १५३.९ किलोग्रॅम भरले होते. दोन रात्रींचा तो थाट आणि ती उष्णता ही या सगळ्या पानांची कमाई असते.

प्रश्नमंजूषेत पानाचा उल्लेख नसतो. फुलाचे चित्र पाठ केलेला विद्यार्थी याच वनस्पतीच्या पानाखाली उभा राहिला तरी ती ओळखणार नाही. आपल्याकडचे उदाहरण घ्या. जूनमध्ये शेवळ खाणाऱ्या शहरी माणसाला ऑगस्टमध्ये त्याच जागी उभे असलेले शेवळाचे छत्रीसारखे पान दाखवले तर तो ‘हे कुठले झाड?’ असे विचारतो. डोंगरातल्या बाईला मात्र दोन्ही एकच आहेत हे माहीत असते, कारण तिने ती जागा वर्षभर पाहिलेली असते.

हे वर्षभराचे पाहणे शाळेला परवडणारे आहे. उन्हाळ्याच्या शेवटी सुरणाचा डोळा असलेला तुकडा वजन करून मोठ्या कुंडीत किंवा पोत्यात लावावा. माती भुसभुशीत, शेणखत भरपूर, पाणी साचू द्यायचे नाही. पान आल्यावर दर आठवड्याला देठाची उंची आणि पानाचा विस्तार नोंदवावा. देठ जमिनीलगत आडवा धरून ‘हे खोड की देठ?’ यावर वर्गात वाद होऊ द्यावा. खोडाला डोळे येतात, पानाच्या बगलेत कळी असते. इथे ‘फांदी’च्या बगलेत काहीच का नाही, हे मुलांनीच शोधावे. दिवाळीनंतर पान पिवळे पडून कोसळले की कंद काढून पुन्हा वजन करावे. लावलेला जुना तुकडा तसाच वाढलेला नसतो. तो खर्ची पडतो आणि त्याच्या जागी नवा कंद तयार होतो. एका पानाने किती कमाई केली याचा हिशेब तराजूवर मिळतो. टायटन अ‍ॅरमच्या दहा वर्षांची गोष्ट समजायला एवढे एक पोते पुरे आहे.

किंमत कोण मोजते?

कोणी म्हणेल, मुलांना कुतूहल वाटावे म्हणून आकडे आणि विक्रम सांगितले तर बिघडले कुठे? कुतूहलाचे दार उघडायला विक्रम उपयोगी पडतो, हे मान्यच आहे. पण दारातच थांबले तर काय होते, ते पाहा.

जगभरातील उद्यानांत आज शेकडो टायटन अ‍ॅरम आहेत. नैसर्गिक अधिवासात मात्र सुमात्राची जंगले तोडली गेल्याने ही जाती २०१८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘धोक्यात आलेली’ म्हणून नोंदवली गेली. अशा वेळी उद्यानांतील झाडे ही एक प्रकारची ठेव ठरायला हवी. शिकागोच्या वनस्पतिउद्यानातील आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी शंभराहून अधिक संस्थांकडील सुमारे १२०० झाडांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अहवाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ एक चतुर्थांश झाडे एकमेकांच्या हुबेहूब प्रती, आणि आणखी चतुर्थांशाहून थोडी अधिक झाडे जवळच्या नात्यातील झाडांच्या संकरातून झालेली, असे आढळले. नोंदी अपुऱ्या होत्या. कोणते झाड कोणत्या झाडाचे, बी कुठून आले, पराग कोणाचे, हे अनेक ठिकाणी लिहिलेलेच नव्हते.

असे होण्याचे कारण आपण वर पाहिलेच आहे. स्त्री-फुले आणि पुं-फुले वेगवेगळ्या वेळी पक्व होतात आणि दुसरे झाड त्याच दिवशी शेजारी फुललेले नसते. मग साठवलेले पराग वापरायचे, किंवा मिळतील ते. पानाच्या तुकड्यापासूनही नवे रोप करता येते, पण ते जुन्याचीच प्रत असते. फुलण्याच्या दिवशी उंचीचा आकडा मात्र सगळीकडे काटेकोर नोंदला जातो. झाडाची ‘ओळख’ म्हणजे जातीचे नाव एवढीच समजूत असली की असे होते. वाढवणाऱ्याच्या दृष्टीने ओळख याहून खोल असते : हे रोप कोणाचे, कुठले, कधीचे. जी चूक प्रश्नपुस्तिका कागदावर करते, तीच इथे काचघरात झाली. सर्वांचे लक्ष दोन दिवसांच्या देखाव्यावर राहिले आणि दहा वर्षांची वही कोरी राहिली.

मग काय विचारावे?

प्रश्न टाकून देण्याचे कारण नाही. तो नीट विचारावा. ‘सर्वांत मोठे फूल कोणते?’ याऐवजी ‘रॅफ्लेशिया, टायटन अ‍ॅरम आणि श्रीताड या तिघांपैकी सर्वांत मोठे फूल कोणाचे, हे ठरवण्याआधी तुम्ही काय ठरवाल?’ असे विचारता येईल. उत्तराला एक शब्द पुरणार नाही, पण गुण देण्याजोगे बरेच काही मिळेल.

किंवा हा प्रश्न पाहा. डबक्यांवर तरंगणारी, मोहरीच्या दाण्याहूनही लहान असणारी वुल्फिया ही जगातील सर्वांत लहान सपुष्प वनस्पती. आजच्या वर्गीकरणानुसार ती आणि टायटन अ‍ॅरम एकाच, म्हणजे सुरणाच्याच कुलात येतात. आकारात एवढे अंतर असताना त्यांना एका घरात कोणत्या आधारावर बसवले? या प्रश्नाला मोजपट्टी अजिबात उपयोगी पडत नाही. फुलांची रचना आणि जनुकांचा पुरावा पाहावाच लागतो.

आणि सर्वांत सोपा प्रश्न जून महिन्यात बाजारात विचारावा, शेवळे विकणाऱ्या बाईलाच : ‘मावशी, याचं पान कसं असतं?’ तिच्या उत्तराची नोंद वहीत करावी आणि ऑगस्टमध्ये तिने सांगितलेल्या जागी जाऊन ती पडताळून पाहावी.